अल्ट्रा ५ वर पायथन: जुन्या वर्कस्टेशनवर भाषा बांधण्याचं एक प्रकरण

प्रयोगशाळेतल्या एका मोजणी उपकरणाला सन मायक्रोसिस्टिम्सचं अल्ट्रा ५ हे वर्कस्टेशन जोडलेलं आहे. हे मॉडेल १९९८ साली बाजारात आलं. आमच्या यंत्रात ३३३ मेगाहर्ट्‌झचा अल्ट्रास्पार्क प्रोसेसर आहे, २५६ मेगाबाइट मेमरी आहे आणि वर सोलारिस ८ ही २००० सालची प्रणाली. उपकरणाचं कार्ड यंत्राच्या पीसीआय स्लॉटमध्ये बसतं. त्या कार्डाचा ड्रायव्हर फक्त याच प्रणालीसाठी लिहिलेला आहे आणि त्याचा सोर्स आता कुणाकडेही नाही. म्हणजे यंत्र बदलायचं तर उपकरणही बदलावं लागणार. उपकरण मात्र आजही चोख मोजतं. ते टाकून द्यावं असं आमच्यापैकी कुणालाही वाटत नव्हतं आणि मला तर मुळीच नाही.

गरज अशी होती. उपकरण सतत एका बायनरी फाइलच्या शेवटी नोंदी जोडत जातं. प्रत्येक नोंद पूर्ण लिहून झाली आहे का आणि तिचा चेकसम (मजकूर शाबूत असल्याची खूण देणारा आकडा) जुळतो का, हे त्याच यंत्रावर तपासायचं आणि मगच ती जेसन या मजकूर स्वरूपात शेजारच्या नव्या संगणकाकडे पाठवायची. नव्या संगणकावर या फाइली वाचणारं मॉड्यूल आधीपासून होतं. ते पायथन ३ मध्ये होतं आणि वेगासाठी त्यातला थोडा भाग सी मध्ये लिहिलेला होता. नोंदीची रचना दोन ठिकाणी, दोन भाषांत लिहून ठेवली की वर्षभरात त्या दोन्ही एकमेकींपासून फारकत घेतात. हे मी आधी भोगलेलं आहे. म्हणून दोन्हीकडे एकच मॉड्यूल चालवायचं असं ठरलं आणि त्यासाठी अल्ट्रा ५ वर पायथन ३ बांधायचं, म्हणजे त्याचा सोर्स तिथेच कंपाइल करायचा.

दुसरे मार्ग नव्हते असं नाही. सोलारिस ८ बरोबर पर्ल ५.००५ येतं. नुसत्या फाइली हलवायच्या असत्या तर मी त्यातच काम उरकलं असतं आणि हे प्रकरण घडलंच नसतं. लुआ तर निव्वळ साध्या सी मध्ये लिहिलेली भाषा आहे. तिला यंत्र चाचपून बिल्डची तयारी करणारी कॉन्फिगर स्क्रिप्टसुद्धा लागत नाही. इतक्या जुन्या यंत्रावर बांधायला तिच्याइतकी सोपी भाषा मला तरी माहीत नाही. पण दोन्ही मार्गांत मॉड्यूल नव्याने लिहावं लागणार होतं. तिसरा मार्ग क्रॉस-कंपाइलचा, म्हणजे नव्या संगणकावर सोलारिससाठी बायनरी तयार करून इकडे आणायची. सुट्या सी प्रोग्रामसाठी तो उत्तम. पण पायथन ३.५ स्वतःची एक्स्टेन्शन मॉड्यूल्स (सी मध्ये लिहिलेली जोड-मॉड्यूल्स) बांधताना नुकताच तयार झालेला पायथनच चालवतो आणि ती स्पार्क बायनरी नव्या संगणकावर चालणार नाही. त्यातून वाट निघते, पण तेवढ्या श्रमात जुन्या यंत्रावर थेट काम होऊन जातं.

कामाला हात घालण्याआधी यूएफएसडंप ही बॅकअपची आज्ञा वापरून संपूर्ण डिस्कची प्रत काढली आणि ती दुसऱ्या डिस्कवर परत उतरवून पाहिली. इतक्या वर्षांच्या डिस्कवर रात्र रात्र कंपायलर चालवायचा होता, त्यामुळे ही पायरी टाळता येण्यासारखी नव्हती.

घड्याळ

पहिला अडथळा कंपायलरचा असेल असं वाटलं होतं. आला घड्याळाचा.

या पिढीच्या यंत्रांत एनव्हीरॅम नावाची एक चिप असते. घड्याळ, यंत्राचा होस्ट आयडी आणि नेटवर्कचा ईथरनेट पत्ता हे तिघंही तिच्यात राहतात. तिची बॅटरी चिपच्याच पोटात असते आणि ती काही वर्षांनी संपते. आमची कधीच संपली होती. यंत्र बंद केलं जात नव्हतं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. डिस्कची प्रत काढायला यंत्र बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं तेव्हा आयडीप्रॉममधला, म्हणजे यंत्राच्या ओळखीचा, मजकूर अवैध असल्याची तक्रार पडद्यावर आली आणि तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली दिसली.

ईथरनेट पत्ता आणि होस्ट आयडी ‘ओके’ प्रॉम्प्टवर, म्हणजे प्रणाली सुरू होण्याआधी यंत्र जिथे आज्ञा घेतं तिथे, हाताने परत भरता येतात. सुदैवाने नोंदवहीत कुणीतरी यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या जुन्या बॅनरच्या ओळी जशाच्या तशा उतरवून ठेवल्या होत्या. उपकरणाच्या सॉफ्टवेअरचा परवाना त्या होस्ट आयडीशी बांधलेला आहे. तो आकडा हरवला असता तर पुढचं सगळं काम निरर्थक ठरलं असतं. ज्यांनी ती नोंद केली त्यांचे मी मनापासून आभार मानतो.

तारखेकडे मात्र मी तेव्हा लक्ष दिलं नाही आणि त्यात पुढे पायथन बांधताना एक अख्खी रात्र गेली. मेक ही बिल्ड चालवणारी आज्ञा फक्त एकच गोष्ट पाहते. तयार झालेली फाइल सोर्स फाइलपेक्षा नवी आहे की जुनी? पायथन ३.५.१० हे २०२० सालचं, त्यामुळे अर्काइव्ह उलगडल्यावर सोर्स फाइलींवर २०२० ची तारीख होती. यंत्राचं घड्याळ त्याच्या बरंच मागे. परिणामी आत्ता या क्षणी तयार झालेली प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलसुद्धा तिच्या सोर्सपेक्षा ‘जुनी’. सगळं कंपाइल होई आणि पुढची मेक आज्ञा दिली की सगळं पहिल्यापासून पुन्हा सुरू. ग्नू मेक अशा वेळी ‘क्लॉक स्क्यू’ (घड्याळात तफावत) असा इशारा तरी देतं. यंत्रावरचं मूळ मेक काही बोलत नाही. मी मेकफाइल चाळत बसलो, डिस्कवर संशय घेतला. सकाळी सहज फाइलींची यादी तारखांसह पाहिली तेव्हा उलगडा झाला. घड्याळ लावलं, सोर्स पुन्हा उलगडला आणि तो प्रश्न तिथेच संपला.

तेव्हापासून जुन्या यंत्रासमोर बसलो की माझी पहिली आज्ञा ‘डेट’ असते.

कंपायलर नसलेलं यंत्र

सोलारिसच्या दुसऱ्या पिढीपासून सी कंपायलर प्रणालीबरोबर येईनासा झाला. तो वेगळा विकत घ्यावा लागे. यूसीबी डिरेक्टरीत सीसी नावाची एक आज्ञा असते, पण ती चालवली की भाषेचं ऐच्छिक पॅकेज बसवलेलं नाही एवढंच सांगते. नवख्या माणसाला वाटतं कंपायलर आहे आणि बिघडला आहे. प्रत्यक्षात तो तिथे नसतोच.

कंपायलर नसला तरी असेंबलर, तयार तुकडे जोडणारा लिंकर, एआर आणि मेक ही हत्यारं प्रणालीचीच असतात आणि सीसीएस खालच्या बिन डिरेक्टरीत राहतात. पण तीही यंत्र कोणत्या गटात बसवलं होतं त्यावर अवलंबून. आमचं ‘एंड यूजर’ गटात बसवलेलं होतं, म्हणून सी प्रोग्रामला लागणाऱ्या, फंक्शनांच्या घोषणा असलेल्या हेडर फायलीही नव्हत्या. मूळ सीडीवरून हेडर, बिल्डची हत्यारं आणि गणिताची लायब्ररी एवढी पॅकेजेस पीकेजीअ‍ॅड वापरून बसवली. सोलारिस ८ बरोबर एक जोड-सीडी मिळायची, तिच्यात मुक्त सॉफ्टवेअर असे. ती आमच्या कपाटात होती आणि तिच्यावर जीसीसी २.९५ हा मुक्त कंपायलर होता. १९९९ सालचा. पहिला कंपायलर हातात आला.

आता नव्या पायथनची एक आवृत्ती घेऊन थेट भिडवून पाहिलं. मी ३.८ घेतलं. कंपाइल सुरू झालं आणि काही फायलींतच त्रुटींचा पूर आला. माझ्याबरोबर काम करणारा मुलगा शेवटची त्रुटी वाचून म्हणाला, “सर, हेडरमध्येच काहीतरी गडबड दिसतेय.” मी त्याला वर स्क्रोल करायला लावलं. पहिली त्रुटी होती ‘पार्स एरर बिफोर इंट’. ती ज्या ओळीवर होती तिच्याकडे नीट पाहिलं तर कळत होतं. फंक्शनमध्ये आधी एक नेमणूक, तिच्या खालच्या ओळीवर ‘इंट आय’ अशी नव्या चलाची घोषणा. १९८९ च्या सी मानकात घोषणा ब्लॉकच्या सुरुवातीलाच कराव्या लागतात. मध्येच घोषणा करायची मुभा सी९९ ने दिली. जीसीसी २.९५ ला ती मान्य नाही. ३.० पासूनच्या जीसीसीला आहे. त्या एका ओळीनंतरच्या सगळ्या त्रुटी तिच्याच पोटी जन्मलेल्या होत्या.

ही गोष्ट पायथनच्या इतिहासात स्पष्ट आहे. ३.५ पर्यंतचा सोर्स सी८९ मध्ये लिहायचा असा नियम होता. ३.६ पासून निवडक सी९९ ला परवानगी मिळाली. त्यात घोषणांची मिसळ आली आणि एसटीडीइंट हेडरमधले ठरावीक रुंदीचे पूर्णांक आले. सोलारिस ८ वर इंटटाइप्स हेडर आहे, पण एसटीडीइंट नाही. ते सोलारिस १० मध्ये, म्हणजे २००५ साली आलं. ३.११ पासून तर सी११ लागतो. प्रणाली २००० सालची आणि तिला जमणारी सी ही मुळात १९८९ ची. या दोन रेघा जिथे एकमेकींना भेटतात तिथेच थांबायचं होतं, आणि ती जागा ३.५ होती.

हे इतकं स्वच्छ मला त्या दिवशी दिसलं नाही. कारण मॉड्यूलमध्ये एफ-स्ट्रिंग (मजकुरातच चलांच्या किमती भरायची सोय) होत्या आणि त्या ३.६ पासूनच चालतात.

पायऱ्या

म्हणून आम्ही कंपायलर वर चढवायला घेतला. जुन्या यंत्रावर नवा कंपायलर एका उडीत येत नाही. प्रत्येक कंपायलर त्याच्या आधीच्याकडून बांधून घ्यावा लागतो. जीसीसीचा ४.८ पासूनचा सोर्स सी++ मध्ये आहे, म्हणजे तो बांधायला आधी सी++ कंपायलर हवा. ४.७ हा निव्वळ सी कंपायलरने सुरुवात करता येण्यासारखा शेवटचा. सोलारिस ८ चा आधारही नेमका ४.७ पर्यंतच आहे. ४.८ मधून तो काढून टाकला. म्हणजे वरची मर्यादा ठरलेली होती आणि खालून २.९५ हातात होता. मध्ये एक टप्पा घ्यायचा ठरवला. जीसीसी ३.४.६, २००६ सालचा. त्याला सुरुवातीला फक्त सी कंपायलर लागतो, जीएमपी वगैरे गणिती लायब्रऱ्या लागत नाहीत आणि त्या काळात सोलारिस ८ हे वापरातलं, नीट तपासलेलं लक्ष्य होतं.

तरी तो सरळ बसला नाही. जीसीसीच्या अर्काइव्हमध्ये फाइलींची नावं फार लांब आहेत. यंत्रावरच्या टारला ग्नू टारची लांब नावांची पद्धत कळत नाही आणि उलगडल्यावर लाँगलिंक नावाच्या विचित्र फाइली उरतात. नव्या संगणकावर अर्काइव्ह उलगडून, जुन्या टारलाही कळणाऱ्या यूस्टार स्वरूपात पुन्हा बांधून इकडे आणलं. दुसरी गोष्ट शेलची. सोलारिसचा मूळ शेल जुना बोर्न शेल आहे आणि लांबलचक कॉन्फिगर स्क्रिप्टपुढे त्याचा टिकाव लागत नाही. कॉन्फिगशेल या चलात कॉर्न शेलचा मार्ग दिला की काम सुरळीत चालतं. तिसरं ग्नू मेक. तो या बिल्डला हवाच. गंमत अशी की मेक बांधायलाही मेक लागतो, पण त्याच्या लेखकांनी याची तजवीज करून ठेवली आहे. सोर्सबरोबर एक छोटी बिल्ड स्क्रिप्ट येते, ती मेकशिवाय मेक बांधून देते. जुन्या यंत्रावर काम करणाऱ्याची अशी आठवण ठेवलेली पाहिली की फार बरं वाटतं.

असेंबलर आणि लिंकर प्रणालीचेच वापरले. कॉन्फिगरला दोघांचे पूर्ण मार्ग दिले. एकाचा असेंबलर आणि दुसऱ्याचा लिंकर ही खिचडी केली की त्रुटी फार उशिरा आणि फार अनोळखी रूपात उगवतात. सोर्सच्या डिरेक्टरीत न बांधता शेजारी वेगळी डिरेक्टरी केली आणि भाषांमध्ये फक्त सी निवडली.

मग बूटस्ट्रॅप, म्हणजे कंपायलरने स्वतःलाच बांधणं. यात तीन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत २.९५ ने नवा कंपायलर बांधला. दुसऱ्या फेरीत त्या नव्या कंपायलरने स्वतःलाच पुन्हा बांधलं. तिसऱ्या फेरीत दुसऱ्या फेरीतल्याने पुन्हा. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या ऑब्जेक्ट फायली बाइट न् बाइट सारख्या असाव्या लागतात. एकाच सोर्सचे हे दोन्ही कंपायलर, मग त्यांनी एकसारखंच लिहायला हवं. तिथे फरक पडला तर कंपायलरवर, किंवा मेमरीवरही, विश्वास ठेवता येत नाही. जुन्या यंत्राची यापेक्षा चांगली तपासणी मी पाहिलेली नाही. रात्रभर पंखा फिरत राहिला आणि सकाळी तुलना यशस्वी झाल्याची ओळ दिसली. इतक्या वर्षांची मेमरी आणि डिस्क दोन्ही धडधाकट असल्याचा पुरावाच मिळाला.

३.४.६ वरून ४.७ कडे निघालो. त्याला जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन लायब्रऱ्या आधी लागतात. जीएमपी कंपाइल झाली, चाचण्याही पास झाल्या आणि पुढच्याने ती जोडायला घेताच लिंकरने ‘राँग ईएलएफ क्लास’ म्हणून नकार दिला. प्रोसेसर ६४ बिटचा असल्याचं पाहून जीएमपीने स्वतःला ६४ बिटमध्ये बांधून घेतलं होतं, तर आमचा कंपायलर ३२ बिटमध्ये बांधत होता. एबीआय ३२ असं सांगून ती पुन्हा बांधली. मग ४.७ च्या कॉन्फिगरने सांगितलं की हे लक्ष्य कालबाह्य ठरवलेलं आहे, तरीही हवं असेल तर तसा पर्याय स्पष्टपणे द्या.

तो संदेश वाचून मी थांबलो. पुढे जाता आलं असतं. पण आपण कशासाठी चढतोय हे मला स्वतःला विचारावंसं वाटलं. मॉड्यूल त्या मुलानेच लिहिलेलं होतं.

“यात एफ-स्ट्रिंग किती आहेत रे?”

त्याने शोधून सांगितलं, “अठ्ठावीस, सर. सगळ्या लॉगच्या संदेशांत.”

“आणि ३.६ चं दुसरं काही?”

तो थोडा वेळ पाहत राहिला. “नाही. काढू का? फॉरमॅट वापरला तर अर्ध्या तासाचं काम आहे.”

अठ्ठावीस ओळींसाठी आम्ही एक कंपायलर, तीन लायब्रऱ्या आणि अजून दोन रात्री खर्च करायला निघालो होतो. हा हिशेब पहिल्याच दिवशी करायला हवा होता. कोणती आवृत्ती हवी हे मी ‘नवं ते बरं’ या सवयीने ठरवलं होतं. मॉड्यूलला नेमकं काय लागतं हे विचारून ठरवायला हवं होतं. त्याने ओळी बदलल्या, आम्ही ३.४.६ वरच थांबलो आणि पायथन ३.५ घेतलं.

कंपाइल झालं, चालेना

पायथन ३.५ च्या सी फायली बिनतक्रार कंपाइल झाल्या. बायनरी तयार झाली आणि बिल्डने तिला पहिल्यांदा चालवताच ती कोसळली. डेव्ह-यूरँडम उघडता आलं नाही, असा घातक त्रुटीचा संदेश. पायथन ३.३ पासून डिक्शनरीतल्या हॅशना, म्हणजे किल्ल्यांवरून काढलेल्या आकड्यांना, दर वेळी वेगळं यादृच्छिक बीज देतो आणि ते बीज सुरुवातीलाच या उपकरण-फाइलमधून घेतो. मूळ सोलारिस ८ मध्ये ती फाइलच नाही. सोलारिस ९ पासून ती प्रणालीचा भाग झाली.

पायथनहॅशसीड हे चल शून्य ठेवलं की बीज लागत नाही, म्हणून ते करून पाहिलं. हाताने चालवलेला पायथन उठला आणि त्याने पहिलं उत्तरही दिलं. पण बिल्ड मात्र त्याच जागी पुन्हा पडलं. बराच वेळ हे कोडं सुटेना. शेवटी मेकफाइलमधली ती ओळ अक्षर अक्षर वाचली. बिल्ड पायथनला ‘-ई’ या पर्यायासह चालवतं आणि त्या पर्यायाचा अर्थच असा की पायथनशी संबंधित सगळ्या पर्यावरण-चलांकडे दुर्लक्ष कर. मी दिलेलं शून्य त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. सोलारिस ८ साठी ११२४३८ क्रमांकाचा पॅच आहे, तो ही उपकरण-फाइल आणून देतो. जुन्या पॅचच्या सीडीवर तो सापडला. उपकरणाची पाळी संपेपर्यंत थांबलो, पॅच लावला, यंत्र रीकॉन्फिगर करून सुरू केलं. घड्याळ आणि ईथरनेट पत्ता पुन्हा भरावे लागले, ते ओघाने आलंच.

यानंतर बिल्ड पुढे सरकलं आणि एक्स्टेन्शन मॉड्यूल्सपाशी आलं. तिथे एकामागून एक इशारे. अमुक मॉड्यूलचं नाव बदलत आहे, कारण ते इम्पोर्ट झालं नाही. स्ट्रक्ट नाही, मॅथ नाही, सॉकेट नाही. इशाऱ्याच्या शेपटाला खरं कारण होतं. लिबजीसीसी-एस ही लायब्ररी उघडता आली नाही. जीसीसी शेअर्ड ऑब्जेक्ट बांधताना स्वतःची ही छोटी लायब्ररी जोडतो, ती ऑप्टखालच्या आमच्या डिरेक्टरीत होती आणि चालण्याच्या वेळी लिंकर तिथे शोधत नव्हता. अशा वेळी सगळे एलडी-लायब्ररी-पाथ हे चल भरून मोकळे होतात. आमच्या यंत्रावर ते मला अजिबात नको होतं, कारण ते चल उपकरणाच्या सॉफ्टवेअरलाही लागू झालं असतं आणि त्याच्या हाती भलतीच लायब्ररी पडली असती. लिंकच्या वेळी ‘-आर’ पर्यायाने तो मार्ग बायनरीतच कोरला. आमचं सगळं एका डिरेक्टरीत राहिलं. ती पुसली की पॅच आणि सीडीवरून बसवलेली पॅकेजेस सोडून यंत्र पुन्हा होतं तसं होईल.

बिल्डच्या शेवटी न सापडलेल्या ऐच्छिक मॉड्यूल्सची यादी आली आणि तिच्यात सुरक्षित जोडणीसाठीचं एसएसएल होतं. ते तसंच सोडलं. हे यंत्र बाहेरच्या जाळ्याला जोडलेलं नाही आणि जोडूही नये. त्याचं बोलणं फक्त शेजारच्या एका संगणकाशी, थेट केबलने.

बाइट्स

आता मॉड्यूल. पायथनचा भाग चालला. सी चा भाग लोड झाला आणि पहिलीच नोंद वाचताना ‘बस एरर’ म्हणून प्रक्रिया मेली. नोंदीचं शीर्ष सहा बाइट्सचं आहे. दोन बाइट्सचा आवृत्ती क्रमांक, चार बाइट्सची संख्या. त्याच्या पाठोपाठ आठ बाइट्सचं मोजमाप. कोडमध्ये बफरच्या पत्त्यात सहा मिळवून तो पॉइंटर डबलचा, म्हणजे आठ बाइट्सच्या अपूर्णांकाचा, पॉइंटर म्हणून वाचलेला होता. नव्या संगणकाचा इंटेल प्रोसेसर हे मुकाट्याने चालवून घेतो. स्पार्क नाही. तिथे आठ बाइट्सचा आकडा आठने भाग जाणाऱ्या पत्त्यावर असावा लागतो आणि सहाव्या बाइटवरून तो मागितला की प्रोसेसर तिथेच थांबतो. सी च्या नियमाने पाहिलं तर चूक आमच्या कोडचीच होती. इतकी वर्षं ती दिसली नव्हती एवढंच. पॉइंटर काढून मेमकॉपीने आठ बाइट्स एका स्थानिक चलात घेतले आणि दोन्हीकडे चाललं.

नंतर आकडे तपासले. नव्या संगणकावर बाइट्सची अदलाबदल करून घ्यायची सोय मॉड्यूलमध्ये होती आणि ती नेहमीच चालू राहील असं धरलेलं होतं. स्पार्क मोठा बाइट आधी लिहितो, इंटेल लहान. फाइलमध्ये नोंद क्रमांक १ हा ०० ०० ०० ०१ असा लिहिलेला. इकडे अदलाबदल न करता वाचायला हवं होतं, तरी मॉड्यूलने ती केली आणि पहिल्या नोंदीचा क्रमांक १६७७७२१६ आला. मॅडम उपकरणाच्या प्रमुख आहेत, त्या शेजारी उभ्या होत्या. पडदा पाहून त्या म्हणाल्या, “अहो, इतक्या नोंदी तर या यंत्राने जन्मात घेतलेल्या नाहीत.” यंत्राचा स्वतःचा क्रम कोणता याचा अंदाजच करायचा नाही असं ठरवून, फाइलमधला क्रम ‘मोठा आधी’ असा मॉड्यूलमध्ये उघडपणे लिहिला.

शेवटची तपासणी अशी केली. एकच फाइल दोन्ही यंत्रांवर वाचायची, दोन्हींचं जेसन एकमेकांशी ताडून पाहायचं. ते जुळेना. जुन्या यंत्रावर तर दोनदा चालवलं तरी दोन वेगळे मजकूर येत. दशांश अपूर्णांक मात्र दोन्हीकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे, त्यामुळे गणितावरचा संशय मिटला. फरक होता तो फक्त किल्ल्यांच्या क्रमात. नव्या पायथनमध्ये डिक्शनरी भरल्याचा क्रम जपते. ३.५ मध्ये तो क्रम हॅशवर ठरतो आणि हॅशचं बीज दर वेळी नवं. ज्या यादृच्छिकतेसाठी एवढा पॅच लावला तीच इथे उलटली होती. जेसन लिहिताना किल्ल्या वर्णानुक्रमे लावायला सांगितल्या आणि दोन्ही मजकुरांचे चेकसम एक झाले.

पायथनच्या स्वतःच्या चाचण्या आम्ही रात्री लावल्या. बाहेरचं जाळं किंवा एसएसएल मागणाऱ्या चाचण्या वगळल्या गेल्या. स्ट्रक्ट, जेसन, फ्लोट आणि सॉकेट या आमच्या कामाच्या चाचण्या पास झाल्या.

सध्या ही व्यवस्था चालू आहे. वापरलेला प्रत्येक सोर्स, त्याचा चेकसम, कॉन्फिगरला दिलेले सगळे पर्याय आणि पॅचचा क्रमांक एका मजकूर फाइलीत उतरवून ती यंत्राबाहेरच्या दोन डिस्कवर ठेवली आहे. कागदावरही छापली आहे, नोंदवहीतल्या त्या जुन्या बॅनरच्या पानाला टाचून. एनव्हीरॅमची चिप अजून बदलायची राहिली आहे. नवी मिळेपर्यंत वीज गेली की यंत्र ‘ओके’ प्रॉम्प्टवर थांबवायचं, त्या पानावरचे आकडे भरायचे, मग तारीख लावायची, आणि त्यानंतरच उपकरण सुरू करायचं.